विहिरीवरच्या इंजिनाची तहान

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी हे सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यातील गाव. या पट्ट्यात एके काळी विहिरीचे पाणी वर येई ते बैलांच्या बळावर. बैल धावेवरून उतरत, चामड्याची मोट थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने वाफ्यांत जाई. बैल दमला की आपणच थांबे आणि मोट हाकणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसे. पुढे विहिरीवर जे यंत्र आले, त्याला दमणे ठाऊक नव्हते. ते केवळ तापत असे. तापून पिस्टन धरला, की सुटे भाग आणि कारागीर येईपर्यंत शेत कोरडे. आजचा धागा या तापण्याविषयी आहे.

डिझेल इंजिन आपल्याकडे आधी विलायतेहून आले. डर्स्ली येथील लिस्टर कंपनीची संथ गतीची, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेऱ्यांची इंजिने इतकी पसरली की पुढे राजकोटला त्यांच्या नकला करणारे कारखानेच उभे राहिले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात देशी डिझेल इंजिन बनवले. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही.) लोखंडी नांगरापासून सुरुवात केलेल्या किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला आणि विहिरीवरचे इंजिन महाराष्ट्रात घरोघरच्या बोलण्यातले झाले.

आता इंजिनाच्या पोटात पाहू. जाळलेल्या डिझेलची साधारण एक तृतीयांश उष्णता कामी येते, तेवढीच धुराड्यातून जाते आणि जवळपास तितकीच सिलिंडरभोवतीच्या पाण्याने वाहून न्यावी लागते. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला, पाणी वीस अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर मिनिटाला तीन-चार लिटर पाणी पुरते. तोच पंप मध्यम खोलीच्या विहिरीतून मिनिटाला पाच-सहाशे लिटर उपसतो. म्हणजे उपशाच्या शंभरातला एक भागही इंजिनाला लागत नाही.

कारखान्याने दिलेली सोय बहुधा टाकीची असे. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने टाकीत चढते, थंड पाणी खालच्या नळीने परत येते. मध्ये पंप नाही, पट्टा नाही. पण टाकीतली पातळी वरच्या नळीखाली गेली, की हे अभिसरण मुकाट्याने थांबते. शेतकऱ्यांना आणि गावच्या मिस्त्रींना ही टाकी अडगळ वाटे. त्यांनी पंपाच्या डिलिव्हरी पाइपला भोक पाडून बारीक नळी बसवली, तिला कॉक लावला आणि विहिरीचे ताजे पाणी थेट इंजिनातून खेळवून पाटात सोडले. तापमापक नव्हता, बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरून अंदाज घ्यायचा.

माझ्या मते ही सुधारणा हुशारीची होती, पण अर्धीच. विहिरीचे पाणी बारमाही थंड, आणि फार थंड इंजिनही झिजते: डिझेलमधल्या गंधकाचे आम्ल सिलिंडरच्या भिंतीवर जमते आणि लायनर खाते. शिवाय पाणी जड असेल, तर रोजच्या नव्या पाण्याबरोबर नवा क्षार येतो आणि पाण्याच्या वाटेत त्याचे पुट चढते. म्हणून जाणते मिस्त्री मध्ये डिझेलचे रिकामे पिंप ठेवीत. नळीचे पाणी पिंपात, पिंपातून इंजिनात, आणि पिंप सदा भरलेले. टाकी पुन्हा आली, पण या वेळी कारण समजून आली.

याच पेचाचे दुसरे रूप कॅनडाच्या बर्फात सापडते. गुलमर्गला पर्यटकांना फिरवतात तसल्या, बर्फावर पट्ट्याने धावणाऱ्या स्नोमोबिलमध्ये १९७० च्या दशकापासून द्रवाने थंड होणारी इंजिने येऊ लागली. पुढे अशा अनेक गाड्यांत रेडिएटरऐवजी पट्ट्याच्या वर उष्णता सोडणारी नळकांडी आली. पट्टा भुसभुशीत बर्फ उडवतो आणि तो त्यांच्यावर पडून वितळतो. मात्र गोठलेल्या तळ्यावर किंवा कठीण वाटेवर उडण्यासारखे काही नसते आणि इंजिन उणे वीस अंशांतही उकळते. म्हणून मालकांनी खाली स्प्रिंगच्या पोलादी काड्या लावल्या. त्या बर्फ खरवडून त्याचा भुगा पट्ट्यापुढे टाकतात. मागे जाताना त्या मोडतात, म्हणून दोन्हीकडे वळणाऱ्या काड्या आल्या. तिथेही यंत्र आपली थंडाई पायाखालून उसनी घेते.

उसने देणारा आटला की काय होते, हे १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला दाखवले. पृष्ठभागावरचा पंप सहा-सात मीटरच्या पलीकडून पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाणी खाली गेले, तसे इंजिनही विहिरीच्या आत, कपारीवर किंवा लाकडी माचीवर उतरवले गेले. तिथे वारा नाही, धूर कोंडतो. विषारी धुराने माणसे गुदमरून मेली. आणि पाण्याने तळ गाठून पंपाने हवा ओढली, की डिलिव्हरीवरची नळीही त्याच क्षणी कोरडी. पिकाचे पाणी आणि इंजिनाचे पाणी एकदमच बंद. तापलेल्या इंजिनावर घाबरून कुणी गार पाण्याची घागर ओतली, तर हेड तडकलेच म्हणून समजावे. इंजिन कर्जाने घेतलेले असे आणि हप्ता मात्र थांबत नसे.

पुढे वीज आली, विहिरींच्या जोडीला बोअर आले, इंजिने गोठ्यामागे गंजत पडली. बोअरमध्ये सोडलेली सबमर्सिबल मोटार पाण्यातच बुडलेली असते आणि भोवतीने वाहणारे तेच पाणी तिला थंड ठेवते. उन्हाळ्यात पातळी मोटारीखाली गेली आणि रात्रीच्या विजेवर कुणी बटण दाबून झोपले, तर सकाळी तिची वाइंडिंग जळालेली असते. आता कोरडे चालताच वीज तोडणारे यंत्र स्टार्टरच्या पेटीत बसवता येते. ते बसवलेले नसेल, तर शेतकरी मोटार ओढून काढतो, ट्रॅक्टरवर टाकतो आणि तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगच्या दुकानी नेतो. मे महिन्यात तिथे रांग असते.