विजयाचे वाफे

परसबाग म्हटली की आपल्याला हौस आठवते. १९४० च्या ब्रिटनमध्ये मात्र तो पोटाचा प्रश्न होता. फ्रान्स पडलं, चॅनल बेटंही जर्मनांच्या हाती गेली आणि तिथून येणारा कांदा बंद झाला. 'विजयासाठी खणा' ही सरकारी मोहीम १९३९ पासून चालू होतीच. पण उन्हाळ्यात भाजी उदंड आणि थंडीत टंचाई, ही अडचण उरलीच. म्हणून सरकारी पत्रकाने नव्वद बाय तीस फुटांच्या तुकड्याचा नकाशाच दिला: तीन भाग, दरवर्षी पिकांची फेरपालट. आखणी हिवाळ्यातच करायची, कारण पुढच्या जानेवारीत खायचं पार्सनिप यंदाच्या मार्चमध्येच पेरावं लागतं. युद्धाचा इतिहास सांगताना आपण हे वाफेही मोजायला हवेत.