सारीपाट आणि कॅसिनो : दांपत्याच्या डावाचा इतिहास



नवविवाहित जोडप्याने पूर्वी जेजुरीस किंवा कुलदैवताच्या दर्शनास जावयाचे, अशी आपल्याकडील रीत. ती रीत अजून मोडलेली नाही. परंतु तिच्यापाठोपाठ आता गोव्याचा प्रवास येतो. आमच्या गंगापूर-लासूरकडील कापूस-मक्याच्या व्यापारी घरांतील तरुण जोडपी चार दिवस गोव्यास जातात, जुन्या गोव्यातील चर्च पाहतात, मंगेशी-शांतादुर्गेचे दर्शन घेतात आणि एक रात्र पणजीस मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर काढतात. प्रवेशाचे पैसे एकदाच भरावयाचे. त्यात जेवण, गाणे-नाच आणि खेळावयास थोडी टोकने मिळतात. परत आल्यावर ‘काय हरलात?’ असे विचारले, तर ‘हरलो कसले, करमणुकीचा खर्च झाला’ असे उत्तर येते. हे उत्तर अगदीच खोटे नाही. पण नवराबायकोने मिळून द्यूत खेळणे ही गोष्ट आपल्या भूमीस नवी नाही, आणि जुन्या खेळाशी हा नवा खेळ ताडून पाहिला म्हणजे करमणूक व खर्च या दोन शब्दांचा हिशेब थोडा निराळा लागतो. आज तो हिशेब आपणापुढे मांडावयाचा आहे.

प्रारंभ दूर जाऊन करण्याचे कारण नाही. गंगापूरच्या उत्तरेस वेरूळ आहे. तेथील चौदाव्या, एकविसाव्या व एकोणतिसाव्या लेण्यांत शिवपार्वतीच्या द्यूतक्रीडेचे शिल्पपट आहेत. सहाव्या-सातव्या शतकांतील हे काम. चौदाव्या लेण्यातील पटात दोघे पट मांडून बसली आहेत. शिवाच्या मागे गणपती, पार्वतीच्या मागे दासी, मध्ये हाडाचा सापळा झालेला भृंगी. आणि खाली नंदीभोवती बुटक्या गणांचा गोंधळ चाललेला. वर मालक-मालकीण खेळात गुंग असली म्हणजे खाली नोकरमंडळी काय करितात, हे त्या शिल्पकाराने कोणत्या घरात पाहिले असेल कोण जाणे! एकोणतिसाव्या लेण्यात शिवाने पार्वतीचा हात धरला आहे. ती उठू पाहते व तो तिला आणखी एका डावासाठी थांबवितो, असा त्याचा अर्थ लावितात. दरवर्षी हजारो जोडपी वेरुळास येतात, कैलासासमोर छायाचित्र काढितात आणि या पटांवरून तशीच पुढे जातात.

या खेळाची कथा स्कंदपुराणात आली आहे. डाव पार्वतीने जिंकला. शंकराने अंगावरील चंद्रकोर, नाग, अखेर कौपीन इतके सर्व पणास लावून गमाविले आणि रागावून ते वनात निघून गेले. मग पार्वती भिल्लिणीच्या वेषाने त्यांना शोधावयास गेली. घृष्णेश्वराच्या परिसरात हीच कथा स्थानिक झाली आहे : रुसलेले शंकर दक्षिणेस ज्या वनात आले ते हेच काम्यकवन, असे वेरूळचे लोक सांगतात. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस आपण बलिप्रतिपदा म्हणतो, तिचेच दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी पार्वतीने शंकरास जिंकले अशी समजूत आहे. पाडव्यास पत्नीने पतीस ओवाळावे, पतीने ओवाळणी घालावी, मग सारीपाट किंवा सोंगट्या मांडाव्या, हा जुन्या घरांचा परिपाठ होता.

या खेळाचा व्यवहार पाहा. पण कोणताही असो, तो नवऱ्याच्या हातून बायकोच्या हाती जातो, किंवा उलट. घरातील रुपया घरातच राहतो. शंकर सर्वस्व हरले तरी ते पार्वतीपाशीच होते; म्हणूनच त्या हरण्याचा विनोद होऊ शकला.

द्यूतात तिसरा मनुष्य शिरला म्हणजे विनोद संपतो. आपल्या पुराणेतिहासात याची उदाहरणे विदर्भापासून गुजराथेपर्यंत पसरली आहेत. द्रौपदीची कथा सर्वांस ठाऊक आहे, तेव्हा ती सांगत नाही. मला अधिक विचार करावासा वाटतो तो दमयंतीचा. विदर्भाच्या भीमराजाची ही कन्या. नल पुष्कराशी खेळत बसला आहे, मंत्री व प्रजा दाराशी उभी आहे आणि राजा कोणाचे ऐकत नाही, हे पाहिल्यावर तिने विलाप पुष्कळ केला. परंतु त्याबरोबरच वार्ष्णेय सारथ्यास बोलावून दोन्ही मुले रथात घातली आणि कुंडिनपुरास माहेरी पाठविली. राज्य जाणार हे तिने हिशेबाने जाणले होते. आमच्या शालेय पुस्तकांत हंसाचा निरोप भरपूर असे. हा रथ मात्र दोन ओळींत आटोपलेला असे. पुढे सर्व गेल्यावर पुष्कराने ‘आता दमयंती पणास लाव’ असे म्हटले, तेव्हा नल काही न बोलता उठला. युधिष्ठिराहून तो एवढ्यापुरता तरी शहाणा ठरला.

दुसरे उदाहरण मराठी गद्याच्या आरंभीचे आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केलेल्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांचे पूर्वचरित्र आले आहे. गुजराथेतील प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव यांस द्यूताचा नाद होता. एकदा फार द्रव्य हरले; ते देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे तिचे अलंकार मागितले. तिने दिले नाहीत. त्या नकाराने त्यांच्या मनास संसाराचा उबग आला. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले आणि वाटेत रिद्धपुरास गोविंदप्रभूंची भेट झाली. पुढे पैठण व वेरूळ या आमच्याच भागांत त्यांचा वास झाला. या कथेकडे भाविक ज्या दृष्टीने पाहतात ती योग्यच आहे. मी केवळ गृहस्थाश्रमाच्या दृष्टीने एवढेच म्हणतो की, कमळाइसेचा नकार वाजवी होता. अलंकार हे स्त्रीचे स्वतःचे धन. ते तिऱ्हाइताच्या डावात घालावयाचे नव्हते.

आता तिसऱ्या माणसाकडे, म्हणजे अड्ड्याच्या चालकाकडे वळू. संस्कृतात यास सभिक म्हणतात. मृच्छकटिकात देणे बुडवून पळालेला संवाहक ओस देवळात मूर्ती बनून उभा राहतो आणि सभिक माथुर त्याच्यासमोरच डाव मांडून त्यास मोहात पाडतो, तो प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांस हा मनुष्य परिचित आहे. कौटिल्याने यावर राजाचा अधिकारी नेमला, तो द्यूताध्यक्ष. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, अन्यत्र खेळेल त्यास बारा पण दंड व्हावा, फासे अध्यक्षानेच शुद्ध पुरवावे आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावे, शिवाय फाशांचे, जागेचे व पाण्याचे भाडे निराळे. हेतू धर्माचा नव्हता. चोर व लपून पोट भरणारे लोक एका जागी सापडावे, हा होता. याज्ञवल्क्यस्मृतीतही सभिकाचा वाटा शेकडा पाच ते दहा असा सांगितला आहे.

ही पद्धत उघड होती. जिंकलेल्याच्या मुठीतून पाच गेले, हे सर्वांस दिसे. युरोपात पुढे जे घडले ते अधिक बुद्धीचे आहे. व्हेनिसच्या सरकारने 1638 साली ‘रिदोत्तो’ नावाचे द्यूतगृह उघडले व 1774 साली लोकांची घरे बुडू लागली म्हणून बंद केले. कॅसिनो हा शब्दही त्याच भाषेचा. त्याचा मूळ अर्थ ‘छोटे घर’. फ्रान्स्वा ब्लां याने 1863 साली मोनॅको संस्थानातील द्यूतगृहाचा मक्ता घेतला. 1864 साली मोठे हॉटेल, 1868 साली आगगाडी, 1879 साली द्यूतगृहास लागून गायन-नाट्यगृह, अशी तेथे मांडणी होत गेली. जोडप्याने यावे, समुद्र पाहावा, गाणे ऐकावे आणि जाता येता टेबलाशी थांबावे, ही योजना तेथे पूर्णत्वास आली. अमेरिकेत नेवाडा राज्याने 1931 साली जुगारास मुभा दिली आणि 1941 साली लास व्हेगासच्या वेशीबाहेरील हमरस्त्यावर तशा धर्तीचे पहिले विश्रामस्थान उभे राहिले. मांडवीतील जहाजे याच वंशातील.

येथील चालक शेकडा पाच मागत नाही. रूलेटच्या चक्रास 1 ते 36 आणि एक शून्य, अशी 37 घरे असतात. एका आकड्यावर एक रुपया लाविला व तो लागला तर 35 रुपये मिळतात. न्याय्य भाव 36 रुपयांचा. हा एक रुपया म्हणजे चालकाचा वाटा, आणि तो जिंकणाऱ्यास दिसत नाही, हरणाऱ्यास तर नाहीच. शंभर रुपयांचा डाव शंभर वेळा मांडला तर एकूण दहा हजारांच्या उलाढालीत सरासरी 270 रुपये चालकाकडे जातात. कोणी एखादा रात्रीत जिंकतो, हे खरे. पण जितका वेळ अधिक, तितकी सरासरी निश्चित. मग चालकाचा धंदा उरला कोणता? पाहुण्यास बसवून ठेवण्याचा. म्हणून जेवण स्वस्त, गाणे चांगले, आणि पत्नी कंटाळू नये अशी सर्व व्यवस्था. पूर्वी दमयंती दाराशी उभी राहून वारंवार बोलावीत असे. आता तिलाच शेजारची खुर्ची दिलेली असते. नवराबायको समोरासमोर बसत नाहीत, दोघेही एकाच बाजूस बसून तिसऱ्याशी खेळतात.

कायद्याची वाट आपल्याकडे वाकडीतिकडी आहे. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा 1887 चा. तो महाराष्ट्रात अजून चालतो. कॅसिनोस परवानगी व कर यांचा कायदा महाराष्ट्राने 1976 सालीच केला, तो अंमलात कधी आला नाही, आणि 2023 साली शासनाने तो रद्द करण्याचे ठरविले. गोव्याचा कायदाही 1976 चाच. 1992 साली पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगारास व 1996 साली जहाजांवरील टेबलांस त्यात वाट करून देण्यात आली. वस्तु-सेवा कर आधी शेकडा 28 होता, तो सप्टेंबर 2025 पासून शेकडा 40 असा झाला. कौटिल्य पाचावर तृप्त होता!

आणखी एक तपशील. मोनॅकोच्या नागरिकांस त्यांच्याच द्यूतगृहात खेळण्यास बंदी आहे. गोव्यानेही कायदा सुधारून आपल्या रहिवाशांस कॅसिनोत मज्जाव केला असून 1 फेब्रुवारी 2020 पासून तो अंमलात आणिला. म्हणजे जहाजाच्या धक्क्यावर ओळखपत्र पाहतात ते गोमंतकीय कोण हे ओळखून त्यास परत पाठविण्यासाठी. गंगापूरच्या पाहुण्यास तेथे काही अडचण येत नाही.