‘वीस एक’ वर्गात पोचले, त्यामागचे संशोधन मात्र वाटेतच राहिले

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० संशोधनपत्रिका आणि ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्था असा तिचा विस्तार आहे. विज्ञानवार्तांमध्ये तिचे स्वागत झाले, ते योग्यच होते. प्राथमिक शाळा या योजनेच्या कक्षेत येत नाहीत आणि त्या याव्यात अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. तरीही बातमी वाचताना एक जुना प्रश्न मनात डोकावला. दुसरीतल्या मुलाला संख्या कशा उमगतात, यावर त्या पत्रिकांमध्ये पुष्कळ लिहिले जाते. पण त्या दुसरीच्या वर्गावर रोज उभा राहणारा शिक्षक ते कुठून वाचतो?

मराठीपुरते बोलायचे तर या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार मागे जावे लागत नाही. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘बत्तीस’च्या जोडीला ‘तीस दोन’ अशी संख्यानामे आली आणि महाराष्ट्रात वादळ उठले. विधानसभेत चर्चा झाली, आडनावांवरून विनोद झाले, वाहिन्यांनी भाषेचा खून झाल्याचे जाहीर केले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. संख्या सिद्धांतात संशोधन केलेल्या, ‘गणितगप्पा’ लिहून मुलांशी गणिताच्या गोष्टी बोलणाऱ्या विदुषी. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, दोन्ही रीती दिल्या आहेत, जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या नावांमुळे लहान मुले अडखळतात, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फार थोडे लोक होते.

मी राहतो त्या बोम्मसंद्र्यात हा वाद समजावून सांगणे सोपे जाते, कारण इथला वाणी पैसे मोजताना ‘इप्पत्तोंदु’ म्हणतो. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. त्रेपन्नला तो ‘ऐवत्तमूरु’ म्हणतो; पन्नास आधी, तीन नंतर. कानावर पडते त्याच क्रमाने अंक कागदावर उतरतात. आपल्याकडे मूल ‘पस्तीस’ ऐकते तेव्हा पाच आधी कानी पडतो आणि तीस मागाहून येतो. म्हणून कित्येक मुले ३५ च्या जागी ५३ लिहितात. त्यातच एकोणसाठ हा साठाच्या कुटुंबातला वाटतो, पण लिहायचा पन्नाशीत. कन्नडही अगदी निर्दोष नाही. नऊ ‘ओंबत्तु’ आणि नव्वद ‘तोंबत्तु’ यांत नवशिक्याची गल्लत होतेच, माझी अजूनही होते. पण शंभर नावे पाठ करण्याचे ओझे तिथे पुष्कळ हलके आहे.

या निरीक्षणाला संशोधनाचा आधार आहे. केव्हिन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या पत्रिकेत चिनी व अमेरिकी बालकांची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंत दोन्हीकडची मुले सारखीच मोजत. अकराच्या पुढे, जिथे इंग्रजी नावे वाकडी होतात आणि चिनी नावे ‘दहा-एक, दहा-दोन’ अशी सरळ चालतात, तिथे फरक उघडा पडला. मात्र त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, जी २०१९ च्या गदारोळात ना समर्थकांनी सांगितली ना विरोधकांनी. थोड्या वस्तू मोजणे किंवा साधी उदाहरणे सोडवणे यांत दोन गटांत तसा फरक आढळला नव्हता. म्हणजे नावे सरळ केल्याने मोजणीची वाट सोपी होते. सगळे गणित आपोआप सोपे होते, असा त्याचा अर्थ नव्हे. शिक्षकाच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. ‘वीस एक’वर किती दिवस थांबायचे आणि ‘एकवीस’कडे कधी वळायचे, हे तो त्यावरून ठरवू शकला असता.

नॉर्वेने तर हा बदल देशव्यापी केला. तिथे पूर्वी ‘एक आणि वीस’ म्हणत. संसदेच्या निर्णयानंतर १९५१ पासून ‘वीस-एक’ ही अधिकृत रीत झाली. त्यामागे शिक्षणतज्ज्ञांपेक्षा टेलिफोन खात्याची अडचण मोठी होती: आकडे उलटे ऐकल्याने चुकीचे जोड लागत. जुनी रीत बोलण्यात पुढेही टिकली आणि त्यामुळे देश बुडाला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. शिक्षकापर्यंत नवे ज्ञान पोचवण्याची सोय मराठीत कधी नव्हतीच, असे म्हणता येत नाही. १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत गणिताची मराठी पुस्तके तयार केली, आणि ती शिकवण्यासाठी तयार केलेले शिक्षक जिल्ह्यांतल्या शाळांवर पाठवले गेले. पुस्तक आणि ते समजलेला माणूस एकत्रच गावात पोचत. पुढे शिक्षण खात्याचे ‘शालापत्रक’ निघाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यानंतर विष्णुशास्त्री यांच्यासारखे संपादक त्याला लाभले. १८७५ मध्ये ते बंद पडले, पण शिक्षकांसाठी मराठीत नियतकालिक हवे ही कल्पना टिकली. आजचे ‘जीवन शिक्षण’ मासिक आपले मूळ १८६१ पर्यंत नेते. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखा गणिताचा प्राध्यापक त्या काळी शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहीत होता. पंडित आणि पंतोजी यांच्यातले अंतर तेव्हा बहुधा आजच्याहून कमी असावे.

हे अंतर वाढले ते संशोधन इंग्रजीत आणि विद्यापीठांत गेल्यावर. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छायेत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले, त्याने ते कमी करण्याचा मनःपूर्वक प्रयत्न केला. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यापर्यंत गेले, मुंबई महापालिकेच्या शाळांत बसले. मुलांना विज्ञान कळत नाही यात भाषेचा अडसर किती मोठा आहे, हे त्यांनी दाखवले. ‘वीस एक’चा युक्तिवाद याच निष्कर्षाच्या कुळातला आहे.

बोम्मसंद्र्याच्या शेजारीही या इतिहासाचे एक पान आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाचे सुरुवातीचे आवार होसूर रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक्स सिटीत होते. २०१२ पासून हे विद्यापीठ आणि ऋषी व्हॅलीचे गणित केंद्र मिळून ‘अ‍ॅट राइट अँगल्स’ हे शालेय गणिताचे नियतकालिक काढतात. त्यातल्या पद्मप्रिया शिराली यांच्या पुरवण्या खास प्राथमिक शिक्षकांसाठी असतात: स्थानिक किंमत, अपूर्णांक, मापन, हातात धरता येतील अशा वस्तूंपासून सुरुवात, आणि मुले नेमकी कुठे घसरतात याची नोंद. संशोधन हा शब्दही फारसा न उच्चारता त्याचे सार त्यात उतरते. असे लेखन मराठीत नियमितपणे मिळाले असते, तर २०१९ चा जून थोडा वेगळा गेला असता.

प्रत्यक्षात त्या जूनमध्ये बहुतेक शिक्षकांच्या हाती आले ते पुस्तकाचे एक पान आणि त्यावरची दूरचित्रवाणीची टवाळी. पालक दारात येऊन विचारत होते, आणि उत्तर देण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्यालाच बदलाचे कारण बातमीतून कळत होते. मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. त्यांच्याविषयीच्या श्रद्धांजलीपर लेखांत त्या वादाचा उल्लेख आला, मिलर यांच्या त्या निबंधाचा मात्र माझ्या वाचनात कुठेच आला नाही.

बेळगाव, निपाणी, अक्कलकोट या पट्ट्यातल्या मराठी शाळांत आजही अशी मुले बसतात, जी घरी किंवा बाजारात ‘ऐवत्तमूरु’ ऐकतात आणि वर्गात ‘त्रेपन्न’ लिहितात. दोन्ही रीती एकाच डोक्यात कशा नांदतात, हे त्यांच्या बाई रोज पाहतात. १,४५,००० शब्दांच्या प्रबंधाची गरज नाही. दोन पानांचे टिपणही पुरे होईल. ते छापायला जागा हवी, एवढेच.