कल्हईची भट्टी ते डिशवॉशर: भांड्याला लागलेले हात

सातारा-सांगलीच्या नव्या फ्लॅटांमध्ये आता डिशवॉशर दिसू लागलाय. 2020च्या लॉकडाऊनमध्ये मोलकरणींचं येणं थांबलं आणि बऱ्याच घरांत या यंत्राची चर्चा सुरू झाली. आमच्या नात्यातही दोन-तीन ठिकाणी ते आलं. तेव्हापासून मला हमखास विचारलं जातं, ‘आपली तेलकट कढई त्यात निघते का?’ निघते. पण मला त्याहून जुना प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागात भांडी घासली कुणी, ती टिकवली कुणी आणि त्या हातांना घरात कुठपर्यंत प्रवेश होता? या इतिहासात मुसलमान कारागिरांचा वाटा मोठा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्टील येण्याआधी तांब्या-पितळेचं राज्य होतं. हंडा, घंगाळ, पातेली, परात. घासायला चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, उजळायला चिंच. यामागे शास्त्र होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ही अल्कली तेलातुपाचा चिकटपणा तोडते आणि राखेचे बारीक कण खरकटं खरवडून काढतात. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवतं. डिशवॉशरच्या पावडरीतही सोडियम कार्बोनेटसारखी अल्कलीच असते. रसायन फारसं बदललेलं नाही. बदलले ते हात.

पण चिंच, आमसूल किंवा ताक घातलेला पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत ठेवला की तो कळकतो. त्यासाठी भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागे. हे काम कल्हईवाल्याचं. या धंद्यात मुसलमान पुष्कळ होते. कलईगर हे आडनाव आजही आपल्यात आहे. गल्लीच्या तोंडाशी तो जमिनीत छोटा खड्डा करायचा, कोळसे पेटवायचा, भाता मारायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि धातूवरचा मळ सुटायचा. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे ते लगेच पाघळायचं. कापसाच्या बोळ्यानं ते आतून फिरवलं की भांडं चांदीसारखं लख्ख. शेवटी पाण्यात बुडवताना ‘चर्र’ असा आवाज. मोहल्ल्यातल्या जमातीच्या देगांनाही लग्नसराईआधी हीच कल्हई लागायची.

यात एक गंमत होती. ज्या घरात या कारागिराला ओसरीच्या पुढे पाऊल टाकता येत नसे, त्याच घराचं स्वयंपाकाचं पातेलं तो दोन्ही हातांनी आतून-बाहेरून घासून द्यायचा. धातू आगीतून गेला म्हणजे शुद्ध झाला, ही समजूत सोयीची होती. भांडं आत जायचं, माणूस बाहेर राहायचा.

ही सोय सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये सातारा जिल्ह्यातला आपल्या लहानपणीचा 1901 सालचा प्रवास लिहून ठेवलाय. साताऱ्याहून निघालेली मुलं मसूर स्टेशनावर उतरली. त्यांना वडिलांकडे गोरेगावला जायचं होतं. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली. गाडीवानाच्या सल्ल्यावरून लहानग्या भीमरावांनी आपण मुसलमान असल्याचं सांगितलं, तेही उर्दूत. तरी पाणी मिळालं नाही. मराठी मुसलमानानं हा प्रसंग जरूर वाचावा. पाण्याच्या भांड्यापाशी आपली आणि दलितांची जागा किती जवळ होती, आणि तरी एक पायरी कशी वेगळी होती, दोन्ही त्यातून कळतं.

याच जिल्ह्यानं उत्तरही दिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि श्रमाची कामं त्यांनी स्वतः केली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शुद्धतेच्या समजुतीला भट्टीनं जे जमलं नाही, ते एका पंगतीनं करून दाखवलं.

पुढे स्टेनलेस स्टील आलं. 1913 साली इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्लीनं गंज न धरणारं पोलाद बनवलं. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर संरक्षक थर आपोआप तयार होतो. म्हणजे कल्हई धातूतच आली. जुन्या साड्या घेऊन बोहारणी स्टीलचे डबे देऊ लागल्या, तांब्याची भांडी मोडीत गेली आणि कल्हईवाल्याची हाक बंद झाली. मिरजेत शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवण्याकडे वळले आणि मिरजेचं नाव देशभर झालं. कल्हईगरांना असा दुसरा सूर सापडला नाही. कुणी स्टोव्ह-कुकर दुरुस्त करू लागला, कुणी गॅरेजमध्ये गेला. घासण्याचं काम मात्र राहिलंच. ते मोलकरणीकडे गेलं.

डिशवॉशरचा जन्मही मोलकरणीशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन या सुखवस्तू बाईंची चिनी मातीची महागडी भांडी नोकरांच्या हातून टवके उडून खराब व्हायची. त्यांनी पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र बनवलं आणि 1886 साली पेटंट मिळवलं. 1893च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ते गाजलं. याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. तिथं माणसांच्या बंधुत्वाची भाषणं चालली होती आणि जवळच नोकरांच्या हातांवर भरवसा नसल्यातून जन्मलेलं यंत्र बक्षीस मिळवत होतं.

आज ज्यांनी हे यंत्र घेतलंय, त्यांनी एक ध्यानात ठेवावं, यंत्रालाही हात लागतातच. खरकटं आधी काढून टाकावं, पण भांडी धुऊन आत ठेवू नयेत. फवारा मारणारे पंखे अडतील अशी परात लावू नये. तळाची जाळी आठवड्यातून एकदा काढून धुवावी, नाहीतर वास येतो. मिठाची टाकी रिकामी ठेवू नये. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शोषून घेणारी राळ आत असते, तिला पुन्हा ताजी करायला मीठ लागतं. वाळवा-मिरज पट्ट्यात अतिसिंचनानं जमिनी क्षारपड झाल्या. अशा भागात बोअरचं पाणी जड असेल, तर काचेच्या पेल्यांवर पांढरे डाग दिसतात. कल्हईची भांडी, ॲल्युमिनियमची पातेली आणि लोखंडी तवा यात घालू नये. गरम अल्कलीत ॲल्युमिनियम काळं पडतं, तव्यावरचा मुरलेला तेलाचा थर जातो.

आता सिंकखाली बसवायच्या फूड वेस्ट डिस्पोजरबद्दलही विचारणा होते. 1927 साली अमेरिकेतल्या रॅसीन गावात जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदानं ते बनवलं. उरलंसुरलं अन्न बारीक करून ते गटारात सोडतं. जुन्या गटारांवर ताण येईल म्हणून न्यूयॉर्क शहरातल्या बऱ्याच भागात त्यावर बंदी होती, ती 1997 साली उठली. सांगलीकरांना शेरीनाला ठाऊक आहे. शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणारा हा नाला अनेक वर्षांचं दुखणं आहे. त्यात आणखी अन्न दळून सोडायचं का? आपल्याकडे शिळी भाकरी शेळीला, भाताची पेज म्हशीला आणि उरलेलं उकिरड्यावर जायचं, त्याचं खत व्हायचं. ताटात अन्न टाकू नये, ही शिकवण दस्तरखानावर लहानपणीच मिळते. फ्लॅटमध्ये म्हैस नसेल, पण गच्चीवर खताची कुंडी बसते.

महाराष्ट्रानं 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तोही या हातांची दखल घ्यायला. तरीही अनेक स्वयंपाकघरांत खिडकीच्या कट्ट्यावर कामवाल्या बाईसाठी वेगळा कप असतो. कधी गवंड्यासाठी, कधी प्लंबरसाठी. त्यात आपली घरंही आली, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. डिशवॉशर साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात सगळी भांडी सारखीच धुतो. कोणता पेला कुणी ओठाला लावला, हे त्याला कळत नाही. कल्हईवाल्याच्या भट्टीलाही कळत नव्हतं. म्हणून यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगतो, पहिल्या दिवशी खिडकीतला तो कप आत घाला, इतर कपांच्या रांगेत. आणि मग त्याच कपानं स्वतः चहा प्या.