कापूस ते कापड : वर्धा परिसरातील खादीचा इतिहास

वर्धा नदीच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन पूर्वापार कापसाची. हिंगणघाट भागात होणारा ‘बनी’ हा देशी कापूस एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील उत्तम वाणांत गणला जाई. त्या काळी कापूस पिकवणे आणि कापड करणे ही कामे एकाच परिसरात चालत. वेचणी झाली की सरकी काढायची, रुई पिंजायची, पेळू वळायचे, सूत कातायचे आणि ते गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या मागावर द्यायचे, असा क्रम होता. कताई मुख्यतः स्त्रियांच्या हाती होती. जाडेभरडे कापड प्रामुख्याने महार विणकर विणत, तर नागपूर, उमरेड, पवनी येथील कोष्टी तलम आणि रेशीमकाठी वस्त्रांसाठी प्रसिद्ध होते. या व्यवस्थेत वाया जाणारे फार थोडे होते. सरकी जनावरांच्या पुढ्यात जाई, पऱ्हाटी चुलीत जळे आणि विटलेले लुगडे वाकळीच्या थरांत शिवले जाई.

ही साखळी पंचवीसेक वर्षांत तुटली. 1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि 1854 मध्ये नागपूरचे भोसले संस्थान खालसा झाले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली आणि भाव कडाडले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून काढलेल्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. ज्या गाड्यांनी कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे जात, त्याच गाड्यांनी विलायती सूत आणि कापड परत येई. त्या वेळचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांना हेच हवे होते. स्वस्त विलायती कापड आले की विणकर शेतीकडे वळतील आणि कापसाचा पेरा वाढेल, असा त्यांचा हिशेब होता. 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीचे सूत दारातच मिळू लागले.

या घडामोडींचा घाव सगळ्यांवर सारखा बसला नाही. शेतकऱ्याला गाठींचा बाजार होता. कोष्टी विणकराने गिरणीचे सूत घेऊन माग चालू ठेवला. सूत कातणाऱ्या स्त्रीला मात्र दुसरा आधार उरला नाही. सरकी काढणे, पिंजणे आणि कातणे ही मधली कामे गावातून गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांची मजुरीही गेली. कापूस पिकवणाऱ्या गावाला स्वतःचे कापड विकत घ्यावे लागू लागले.

खादी चळवळीने नेमकी हीच मधली कामे गावात परत आणण्याचा प्रयत्न केला. 1921 मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा भावे वर्ध्याच्या आश्रमात आले. 1925 मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. संघापुढचा पहिला प्रश्न यंत्राचा होता, कारण साध्या चरख्यावर दिवसभर कातूनही हाती पडणारे सूत थोडे असे. म्हणून 1929 मध्ये संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा झोपडीत चालावा, स्त्रीला फार श्रम न होता आठ तास चालवता यावा आणि त्याची किंमत 150 रुपयांच्या आत असावी, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र आले. मात्र सर्व अटींना कोणतेच यंत्र उतरले नाही आणि बक्षीस दिले गेले नाही. पुढे येरवडा तुरुंगात गांधीजींनी विकसित केलेला पेटीचरखा सर्वत्र पसरला.

1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. तिथल्या मगनवाडी या परिसरातून जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. त्याच वर्षी ग्रामसेवा मंडळही उभे राहिले. 1935 मध्ये गांधीजींनी मजुरीचा प्रश्न हाती घेतला. खादी स्वस्त ठेवण्यासाठी कातणारणीला उपाशी ठेवणे अन्यायाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती आणि चरखा संघाने मजुरीचे दर वाढवले. स्वतःच्या कताईच्या मजुरीवर निर्वाह करून पाहण्याचा प्रयोग विनोबांनी केला. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीम या हस्तोद्योगावर आधारित शिक्षणपद्धतीच्या शाळांत कताईला मध्यवर्ती स्थान मिळाले. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खादीची अवजारे आणि ग्रामोद्योगाच्या वस्तू तेथे मांडल्या गेल्या.

1944 नंतर गांधीजींनी चरखा संघाला नवी दिशा दिली. शहरासाठी विक्रीची खादी तयार करण्यापेक्षा गावाने आपल्यापुरते कापड करावे, यावर भर आला. खादीच्या किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने घेण्याचा नियमही झाला.

स्वातंत्र्यानंतर खादीचे कार्य सरकारी आधारावर चालू लागले. 1953 मध्ये खादी-ग्रामोद्योग मंडळ आणि 1956 च्या कायद्याने आयोग निर्माण झाला. तामिळनाडूतील एकांबरनाथ यांनी घडवलेल्या अंबर चरख्यामुळे एकाच वेळी अनेक चात्या फिरू लागल्या. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1955 मध्ये त्याची शिफारस केली. उत्पादन वाढले, पण अंबर चरख्याला एकसारखा, घट्ट पेळू लागतो. तो पुरवण्यासाठी चित्रदुर्ग, सिहोर यांसारख्या ठिकाणी केंद्रीय पेळू कारखाने निघाले. विदर्भाच्या चरख्यावर दूरच्या कारखान्यातला पेळू येऊ लागला आणि सरकी काढणे व पिंजणे ही कामे पुन्हा गावाबाहेर गेली.

शेतातही बदल झाला. गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता, म्हणून अमेरिकन जातीचे वाण आणि संकरित बियाणे पसरले. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत बहुतेक पेरा त्याखाली आला. आखूड धाग्याचा देशी कापूस मागे पडला. कोरडवाहू जमिनीत तो तग धरतो, रस चोखणाऱ्या किडींचा त्याला त्रास कमी होतो आणि हाताने जाड सूत कातायला तो चांगला असतो. हे गुण गिरणीच्या मोजमापात बसत नाहीत.

वर्ध्यात मात्र खादीचे काम थांबलेले नाही. मगन संग्रहालयाने सेंद्रिय कापूस, हातकताई आणि वनस्पतिजन्य रंग यांची सांगड घातली आहे. नीळ, मंजिष्ठा, हिरडा, डाळिंबाची साल अशा पदार्थांपासून हे रंग मिळतात. मगनवाडीतच उभ्या असलेल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने सौर ऊर्जेवर चालणाऱ्या चरख्यावर काम केले आहे. पर्यावरणस्नेही, स्थानिक कापडाची मागणी आज वाढते आहे. अशा कापडासाठी शेतात देशी बियाणे आणि गावात माग असणे पुरेसे नाही, हे वर्ध्याच्या दीडशे वर्षांच्या अनुभवातून दिसते. सरकी काढण्यापासून सूत कातण्यापर्यंतची कामे, त्यांना लागणारी लहान यंत्रे आणि पोटभर मजुरी हीदेखील गावातच राहिली, तरच कापूस पिकवणाऱ्या परिसराला त्याच्या कापडाचा लाभ मिळतो.