इंग्लंडांतील लहान व्यापाऱ्यांचीं दिवाळ्याचीं दप्तरें

राजांचीं पत्रें, सरदारांचीं दप्तरें व देवस्थानांच्या सनदा यांचा शोध करणारे पुष्कळ आहेत; परंतु ज्यानें जन्मभर तागडी धरिली आणि शेवटीं दुकानास कुलूप लाविलें, अशा सामान्य दुकानदाराचा कागद जपून ठेवण्याची बुद्धि क्वचितच कोणास होते. त्याचा वृत्तांत त्याच्या स्वतःच्या हातचा सहसा मिळत नाहीं. मिळतो तो न्यायालयाच्या दप्तरांत, आणि तोही बहुधा त्याचें दिवाळें निघाल्यावर. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंड व वेल्स या देशांत निर्माण झालेल्या अशा कागदांचा विचार आम्हीं येथें योजिला आहे. स्कॉटलंडचा दिवाळ्याचा कायदा निराळा असल्यामुळें तो येथें घेतलेला नाहीं. हे कागद काय सांगतात आणि त्यांच्या सांगण्यावर विश्वास कितपत ठेवावा, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम कायद्याचें स्वरूप पाहूं. इ. स. १८६१ पर्यंत इंग्लंडांत दिवाळखोर ठरण्याची सवलत केवळ व्यापारी वर्गास होती. त्या वर्षाच्या कायद्यानें ती इतरांसही मिळाली. १८६९ च्या कायद्यानें दिवाळ्याची व्यवस्था बहुतांशीं धनकोंच्या हातीं सोंपविली. परिणाम असा झाला कीं, लहान धनको उदासीन राहत आणि चतुर मध्यस्थ मिळकत आपसांत जिरवीत. ही अव्यवस्था मोडण्याकरितां व्यापारखात्याचे तत्कालीन अध्यक्ष जोसेफ चेंबरलेन यांनीं १८८३ चा कायदा संमत करून घेतला. दिवाळें ही धनको व ऋणको यांची केवळ खासगी बाब नव्हे, ऋणकोच्या वर्तनाची चौकशी सरकारी अधिकाऱ्यानें जाहीरपणें केली पाहिजे, हें त्यांतील मुख्य तत्त्व. यासाठीं ‘ऑफिशियल रिसीव्हर’ हा नवा अधिकारी नेमण्यांत आला. १८९० च्या दुरुस्तीनें कायदा अधिक कडक झाला, आणि १९१३ च्या दुरुस्तीनंतर १९१४ सालीं सर्व कलमें एकत्र करण्यांत आलीं.

एखाद्या दुकानदाराचें प्रकरण कसें चाले? धनकोस अर्ज करावयाचा तर त्याचें येणें निदान ५० पौंड असावें लागे, आणि अर्जापूर्वींच्या तीन महिन्यांत ऋणकोच्या हातून ‘दिवाळ्याचें कृत्य’ घडलेलें असावें लागे. धनकोस टाळण्यासाठीं घर सोडून जाणें अथवा घरांतच दडून बसणें, मिळकत लबाडीनें दुसऱ्याच्या नांवें करणें, जप्त झालेला माल विकला जाणें अथवा शेरिफाच्या ताब्यांत एकवीस दिवस राहणें, इत्यादि गोष्टींची गणना अशा कृत्यांत होई. हुकूमनामा मिळविलेला घाऊक व्यापारी दिवाळ्याची नोटीस बजावी, आणि सात दिवसांत तिची पूर्तता झाली नाहीं म्हणजे तेंही कृत्यच ठरे. ऋणकोस स्वतःही अर्ज करितां येई. मग मिळकत ऑफिशियल रिसीव्हराच्या ताब्यांत देणारा हुकूम निघे, ऋणको आपल्या देण्याघेण्याचें पत्रक सादर करी, धनकोंची पहिली सभा भरे, आणि खुल्या न्यायालयांत शपथेवर ऋणकोची जबानी होई. मिळकतीचें मोल ३०० पौंडांहून अधिक होणार नाहीं असें दिसल्यास काम संक्षिप्त रीतीनें चाले. अवजारें, अंगावरचे कपडे व अंथरूण-पांघरूण मिळून २० पौंडांपर्यंतची चीजवस्तु तेवढी ऋणकोकडे राहूं देत. शेवटीं, आपण ‘रुपयास इतके आणे’ म्हणत असूं त्याच रीतीनें, पौंडास इतके शिलिंग या मानानें वाटप होई.

आपल्याकडे दिवाळें निघालेला व्यापारी दिवसाढवळ्या दुकानांत दिवा लावून ठेवी व त्यावरून ‘दिवाळें’ हा शब्द आला, अशी लोकांत समजूत आहे. इंग्लंडांत हें काम ‘लंडन गॅझेट’ करी. नांव, पत्ता, धंदा, न्यायालय व तारीख एवढ्याच ओळी त्यांत येत. तीच बातमी गांवच्या वृत्तपत्रांत छापली जाई. ‘स्टब्स’ व ‘पेरी’ यांचीं साप्ताहिकें घाऊक व्यापारी मुद्दाम वाचीत. त्यामुळें एका गल्लींतील किराणा दुकानदाराची पत सर्व देशांत एकदम बुडे. संशोधकास मात्र हेंच गॅझेट उपकारक आहे. कारण पुष्कळ प्रकरणें नष्ट झालीं असलीं तरी त्यांचा मागमूस या स्तंभांत उरला आहे.

आतां जबानीकडे वळूं. ती लिहून घेतली जाई, ऋणको तिच्यावर सही करी, आणि पुढें ती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतां येई. प्रश्न कोणते यावयाचे हें कायद्यानेंच जणूं ठरवून ठेविलें होतें. ऋणमुक्तीचा हुकूम देतांना न्यायालयानें पाहावयाच्या गोष्टी अशा: मिळकत पौंडास दहा शिलिंग देण्याइतकी आहे काय, मागील तीन वर्षांचे हिशेब धंद्याच्या रिवाजाप्रमाणें ठेविले आहेत काय, आपण बुडालों हें कळल्यावरही धंदा चालूं ठेविला काय, साहसी सट्टा, उधळपट्टी वा जुगार केला काय. यांपैकीं कांहीं दोष आढळल्यास ऋणमुक्ति नाकारली जाई, लांबणीवर पडे किंवा अटींवर मिळे. म्हणून जबानींत या गोष्टींचा ऊहापोह सविस्तर येतो, आणि दुकानदारास स्वतःला आपल्या नाशाचें कारण काय वाटलें, तें ‘भांडवल अपुरें’, ‘बुडीत येणें’, ‘स्पर्धा’, ‘आजारपण’ अशा चार शब्दांत उरकतें. पाठीमागें ऑफिशियल रिसीव्हराचा अभिप्राय जोडलेला असतो, आणि ‘हिशेब नाहींत’ हा शेरा त्यांत वारंवार भेटतो.

येथेंच वाचकानें सावध राहावें. ज्या दुकानांत गिऱ्हाइकाची उधारी पाटीवर किंवा दुकानदाराच्या स्मरणांतच राही, तेथें रोजकीर्द व खतावणी मागणाऱ्या अधिकाऱ्यास बेशिस्तच दिसणार. परंतु हिशेब नसणें हें नाशाचें कारण होतें, कीं नाश झाल्यावर दृष्टीस पडलेलें एक लक्षण होतें, याचा निर्णय त्या शेऱ्यावरून होत नाहीं. जबानी ही साक्ष खरी, पण ती प्रश्नकर्त्याच्या सांच्यांत ओतलेली साक्ष आहे.

तिची परीक्षा करण्याचे तीन मार्ग आम्हांस दिसतात. पहिला, धनकोंची यादी. तींत घरभाडें, पिठाचा गिरणीवाला, सावकार आणि नातलग कोणत्या क्रमानें व किती रकमेस येतात, हें ऋणकोच्या कथनापेक्षां अधिक बोलकें असतें. विशेषतः बायकोचें नांव पाहावें. १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मिळकतीच्या कायद्याप्रमाणें पतीच्या धंद्यांत घातलेलें तिचें कर्ज इतर सर्व धनकोंच्या मागें ढकललें जाई. म्हणजे व्यवहारांत तिची शिल्लक बहुधा बुडालीच. दुसरा मार्ग, स्थळ व काळ. १९१० च्या शरदृतूंत साउथ वेल्समधील रोंडा खोऱ्यांत कोळशाच्या खाणींवरील मोठा झगडा सुरू झाला आणि तो पुढील वर्षापर्यंत चालला. अशा वेळीं संपकऱ्यांची घरें चालत तीं बव्हंशीं दुकानदाराच्या उधारीवर. त्या खोऱ्यांतील त्या सुमाराच्या प्रकरणांत ‘बुडीत येणें’ हे शब्द आढळले, तर तेथें आळशीपणापेक्षां शेजारधर्माचाच संशय आधीं घ्यावा. तसेंच ‘स्पर्धा’ हा शब्द वाचतांना सहकारी भांडारें आणि लिप्टन, मेपोल डेअरी यांसारख्या अनेक शाखांच्या दुकानांचा फैलाव ध्यानांत ठेवावा.

तिसरा मार्ग, दप्तरांत कोण नाहीं हें पाहण्याचा. एका बाजूस, १८९६ सालीं बूट तयार करणाऱ्या सॅलोमन यांच्या खटल्यांत लॉर्ड्स सभेनें असा निवाडा दिला कीं, एकाच माणसाच्या हातांत असलेली कंपनी देखील त्या माणसाहून कायद्यानें निराळी आहे. १९०७ च्या कायद्यानें खासगी कंपनीची व्याख्या केली. तेव्हांपासून ज्यास साधलें तो या आडोशास गेला आणि त्याचा नाश निराळ्या दप्तरांत नोंदला गेला. दुसऱ्या बाजूस, ज्याचें एकूण देणें ५० पौंडांच्या आंत, त्यास काउंटी कोर्टाचा हप्तेबंदीचा हुकूम मिळूं शके. पण न मिळाल्यास आणि ऐपत असून दिलें नाहीं असें ठरल्यास १८६९ च्या ऋणकोंच्या कायद्यान्वयें सहा आठवड्यांपर्यंत तुरुंग होता. या वाटेनें दर वर्षीं हजारों माणसें तुरुंगांत जात. शेंकडों पौंड बुडविणारा जबानी देऊन घरीं जाई आणि दोन-चार पौंडांचा ऋणको कोठडींत पडे. दिवाळ्याचें दप्तर म्हणजे मधल्या थराचें दप्तर आहे. त्यावरून सगळ्या गरीब व्यापाराचें चित्र काढूं नये.

आपल्या शास्त्रकारांनीं मनुस्मृतींतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानास पहिलें स्थान दिलें, आणि पित्याचें ऋण पुत्रपौत्रांवर सोडिलें. इंग्रजी कायद्यानें ऋणमुक्तीच्या हुकुमानें तें याच जन्मीं संपविलें. मात्र त्याबद्दल मनुष्यानें आपलें सर्व वर्तन उघडें करावें अशी किंमत मागितली. हीच पद्धति पुढें आमच्याकडे आली. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठीं झालेला १९०९ चा नादारीचा कायदा १८८३ च्या इंग्रजी कायद्याच्या नमुन्यावर बेतलेला होता. इतर मुलखासाठीं १९०७ चा आणि नंतर १९२० चा कायदा झाला. म्हणून मुंबईतील नादारीचे कागद वाचणारासही वर सांगितलेले तिन्ही मार्ग उपयोगीं पडावे.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. जुन्या पेढीची वा दुकानाची मोडकी खतावणी हातीं आली, तर तींत राजकारण नाहीं म्हणून ती रद्दींत टाकूं नये. ‘हिशेब नाहींत’ या सरकारी शेऱ्यास उत्तर देण्याचें सामर्थ्य असलें तर तें अशाच वहींत असणार. बुडालेल्या माणसास एकदां न्यायालयानें दोषी ठरविलें. ती वही न पाहतां इतिहासकारानें तोच निवाडा पुन्हां देणें न्याय्य नव्हे.