मोल्सवर्थ : एका विरळ आडनावाची ओळख



"मोल्सवर्थमध्ये बघ" असे कोणी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एक जाडजूड शब्दकोश येतो. पण मोल्सवर्थ हे मुळात इंग्लंडमधले एक आडनाव आहे आणि तिथेही ते फारसे आढळत नाही.

उगम : केंब्रिजशायरमध्ये मोल्सवर्थ नावाचे छोटे खेडे आहे. 'वर्थ' म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली वस्ती. थोडक्यात, चिपळूणकर, सातारकर यांच्यासारखेच हे गावावरून पडलेले आडनाव. अरबीतही बगदादी, बसरी अशी नावे गावावरूनच पडली.

इतर मोल्सवर्थ : रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६-१७२५) हे आयर्लंडचे राजकारणी. १६९४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे डेन्मार्कवरील पुस्तक गाजले. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आजही आहे. मेरी लुइझा मोल्सवर्थ या मुलांसाठी लिहीत. त्यांचे 'द कक्कू क्लॉक' १८७७ चे. गंमत म्हणजे इंग्रजी विनोदी साहित्यातला नायजेल मोल्सवर्थ (१९५३) हा शाळकरी मुलगा स्पेलिंगच्या चुकांसाठीच प्रसिद्ध आहे!

आपले मोल्सवर्थ : जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातले अधिकारी. जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधू आणि मराठी शास्त्रीमंडळी यांच्या साहाय्याने त्यांनी मराठी-इंग्रजी कोश केला. तो १८३१ साली मुंबईत निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द होते. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याचा संक्षेप केला आणि १९७५ मध्ये पुण्यात मूळ कोश पुन्हा छापला गेला. आज तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा 'डेटाबेस' अजून चालू आहे, याचे आम्हा संगणकवाल्यांना विशेष कौतुक!

कतारमध्ये याचा उपयोग काय? या कोशात शब्दापुढे त्याचे मूळ खुणेने दिलेले असते : संस्कृत, फारसी, अरबी वगैरे. हिशेब, तारीख, कायदा, किताब हे शब्द अरबीतून आलेले. दोह्यात आपली मुले शाळेत अरबी शिकतात आणि घरी मराठी बोलायला कंटाळतात. या दोन भाषांचे जुने नाते त्यांना दाखवले, तर मराठी ही फक्त आजी-आजोबांशी फोनवर बोलायची भाषा राहणार नाही.

एक परका माणूस आपल्या मुलखात आला आणि आपली भाषा शब्द शब्द करून टिपून गेला. आज परक्या मुलखात आपण आहोत. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मुलांबरोबर कोशातला एकच शब्द शोधायचा. वर्षाचे बावन्न होतील. बघा, जमते का!